बोटावरची नाडी

वैद्यांनी आयुष्यात कुणाला एक गोळी दिली नव्हती की कुणाचा ताप उतरवला नव्हता. ते नकली माशांची नाडी बघायचे, म्हणून लोक त्यांना वैद्य म्हणायचे. हे मासे टणक, रेझिनचे नाहीतर प्लॅस्टिकचे, आणि त्यांच्या पोटाखाली तीन तोंडांचे गळ. दोरीला बांधून पाण्यात फेकायचे आणि ओढत आणायचे, म्हणजे खाडीतला खरा मासा फसतो आणि झडप घालतो. त्यांना सगळे लुअर म्हणत. नवा लुअर आला की खाडीवर गळ टाकणारी मंडळी आधी एकच विचारत, ‘वैद्य काय म्हणाले?’ वैद्य नाही म्हणाले की तो लुअर दुकानात धूळ खात पडलाच म्हणून समजा.

त्यांची पद्धत साधी होती आणि तिच्यात ते कुणाला ढवळाढवळ करू देत नसत. काठी धरलेल्या हाताच्या पहिल्या बोटावरून दोरी घ्यायची, डोळे मिटायचे आणि रीळ फिरवत राहायचं. लुअरच्या हनुवटीखाली एक पारदर्शक पट्टी असते, तिला जीभ म्हणतात. ती पाणी कापते, त्याने लुअरचं अंग हलतं, आणि ती थरथर दोरीवरून चढत बोटाशी येते. हीच नाडी. कुणाची संथ, कुणाची घाईची, कुणाची मधेच अडखळणारी. डोळे उघडून लुअर तपासणाऱ्याला वैद्य उभं करत नसत. "डोळे फसवतात," ते म्हणायचे. "रंग बघून आपण भुलतो, मासा थोडाच भुलतो? बोटाला विचार."

लेकीलाही त्यांनी हेच शिकवलं होतं, ती त्यांच्या कमरेएवढी होती तेव्हापासून.

त्या सकाळी धक्क्यावर उभे राहून ते लेकीचाच लुअर तपासत होते. तिचा तिसरा प्रयत्न होता. डोळे मिटलेले, दोरी बोटावर, रीळ एका लयीत फिरतंय, आणि बोटाखाली काही म्हणजे काही नाही. ओल्या दोरीला दगड बांधून ओढावा तसं.

वैद्य चिडले. लेक चांगली दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. हात असा बारीक की तिने केलेली दाढ कुणाला ओळखू येत नसे. ते सोडून तिने घराच्या मागच्या खोलीत लुअरचं काम मांडलं. ‘आधी खोटे दात, आता खोटे मासे, पोरगी काही खऱ्याला हात लावायची नाही,’ असं तिची आई म्हणायची, पण शेजारपाजारी पहिला लुअर मिरवून आली तीही तीच. वैद्यांना केवढा अभिमान वाटला होता! म्हणूनच त्या पहिल्या लुअरची परीक्षा त्यांनी जास्तच कडक घेतली. बोटाला काही लागलं नाही. ते घरी आले आणि तिच्या तोंडावर म्हणाले, "मढं आहे हे." दुसऱ्या वेळी म्हणाले, "अजून थंडच." पोरगी पुन्हा तासायला बसली.

आता तिसरा. आणि हाही थंड.

त्यांनी खिशातून पिवळी काढली. पिवळी म्हणजे त्यांचा सगळ्यांत जुना लुअर, रंगाचे टवके उडालेला, एका डोळ्याने आंधळा. दोन तपासण्यांच्या मधे ते पिवळीला एकदा पाण्यातून फिरवून आणत, चव घेणारा मधे पाण्याने चूळ भरतो तसं. मधले बरेच दिवस पिवळी लेकीच्या टेबलावर होती, पोरीला पिवळीच्या पोटाचा घेर मापायचा होता. काल रात्री जेवताना तिने परत दिली होती.

वैद्यांनी पिवळी फेकली, डोळे मिटले, रीळ फिरवलं.

काही नाही.

शेवाळ अडकलं असेल म्हणून त्यांनी ती ओढून घेतली. स्वच्छ होती. गाठ बघितली, कडी बघितली, पुन्हा फेकली. पुन्हा तेच. मग त्यांनी कित्येक वर्षांत केलं नव्हतं ते केलं, डोळे उघडले. धक्क्यालगत पाणी नितळ होतं आणि त्यात पिवळी येत होती, नेहमीसारखी, ठसक्यात कंबर हलवत. दोरी थरथरताना दिसत होती. दोरी बोटावर होती. आणि बोट गप्प होतं.



मग एकेक आठवायला लागलं. सकाळी बोटांना येणाऱ्या मुंग्या, ज्यांना ते वयाच्या खात्यावर टाकून मोकळे झाले होते. शर्टाची बटणं, जी हल्ली लागता लागत नसत आणि ज्यासाठी त्यांनी शिंप्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. आणि तो चुलीवरचा टोप, ज्याचा कान त्यांनी फडक्याशिवाय धरून खाली उतरवला होता. बायको किंचाळली तेव्हा ते हसले होते. "अगं, गेंड्याची कातडी आहे आपली!" नंतर बोटावर फोड आला, तोही त्यांनी कौतुकाने दाखवला होता. आता त्या हसण्याची त्यांना लाज वाटली.

धक्क्यावर आजूबाजूला कुणी नव्हतं. तरी त्यांनी दोनदा वळून बघितलं, चोरी करायची असावी तसं. मग वाकून दोरी खालच्या ओठाला टेकवली आणि रीळ फिरवलं. टुकटुक, टुकटुक, टुकटुक. पिवळी ओठावर बोलायला लागली. वैद्यांचे डोळे भरून आले. जुनं माणूस दारात भेटावं तसं त्यांना झालं, आणि त्याच क्षणी भीतीही वाटली. म्हणजे मेलं होतं ते बोट.

त्यांनी लेकीचा तिसरा लुअर पुन्हा बांधला आणि ओठाला लावला. तो थंड कसला, तो पिसाटलेला होता. दात वाजतील अशी थरथर. रीळ जरा जोरात फिरवलं की तो धडपडत आडवा व्हायचा आणि पोट वर करून पाण्यावर यायचा. असा लुअर बघून मासा जवळ येणार नाही, लांब पळेल. पोरीने मेलेल्यात जीव आणायचा म्हणून जीभ वाढवली होती, पोटातलं शिसं पुढे ढकललं होतं, पुन्हा वाढवली होती, पुन्हा ढकललं होतं. हे सगळं त्यांच्या बोटाच्या सांगण्यावरून. मग पहिला कसा होता? ज्याला आपण मढं म्हणालो, तो कसा होता?

ते घरी गेले ते सरळ मागच्या खोलीत. खोलीत रेझिनचा उग्र वास भरला होता. भिंतीला लागून पत्र्याची लांब टाकी होती, एका टोकाला पंप. पंप लावला की पाणी वाहायला लागायचं आणि लुअर जागच्या जागी पोहायचा. लेक चष्मा कपाळावर सरकवून गळाच्या कड्या निवडत होती.

"काय म्हणते नाडी?" तिने मान वर न करताच विचारलं. आवाज हलका ठेवला होता, पण हातातली कडी तिने खाली ठेवली.

"सांगतो. पहिला कुठाय गं?"

"पहिला काय?"

"पहिला लुअर. तो जरा दे. ताडून बघतो."

"तो कुठला आता?" ती म्हणाली. "कापला तो."

"कापला म्हणजे?"

"म्हणजे मधोमध कापला, आत कुठे चुकलं ते बघायला. साचा पण घासून टाकला, त्यातच दुसरा केला ना. तुम्हीच म्हणालात मढं आहे. मढं काय घरात ठेवायचं?" ती हसली. टोमणा नव्हता त्यात, तिला खरंच गंमत वाटली होती. "एक सांगू, बाबा? टाकीत तो काय सुंदर पोहायचा! मी आईला बोलावून दाखवला होता. दोघी खुळ्यासारख्या बघत उभ्या होतो. पण म्हटलं, डोळे फसवतात."

 आता सांगायलाच हवं, वैद्यांना कळत होतं. वाक्यही तयार होतं, येताना रस्ताभर तेच घोळवत आले होते. ‘पोरी, लुअर मेला नव्हता, माझं बोट मेलंय.’ एवढंच तर म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते असं, "दुकानदार कधी येणार म्हणालीस?"

"आज संध्याकाळी." तिने चष्मा डोळ्यांवर घेतला. "तुम्ही हो म्हणालात तर दुकानातल्या तुमच्या नावाच्या कप्प्यात लावणार म्हणतोय. नाही म्हणालात तर नाही. बाबा, नाही असेल तर आत्ताच सांगा. त्याच्यासमोर नको. पुन्हा दातांकडे जाईन मी, माझं काही नाही."

माझं काही नाही म्हणताना तिचा खालचा ओठ हलला. लहानपणापासूनचं होतं ते, खोटं बोलली की ओठ हलायचा.

"संध्याकाळी बघू," वैद्य म्हणाले आणि तिथून निघाले. वेळ मारून नेली, असं म्हणतात. प्रत्यक्षात वेळेनेच त्यांना मारलं होतं, कारण दुपारभर ते आडवे पडून आढ्याकडे बघत राहिले आणि जेवले नाहीत.

"अहो, बरं नाही का?" बायकोने विचारलं.

"बरं आहे."

"मग तोंड का असं? पोरीचा जमला नाही ना तो मासा? अहो, एकदा तरी हो म्हणा. काय तुमच्या बापाचं जातंय? तिसऱ्यांदा तोडलंत तर पोरगी मोडेल."

वैद्य कूस बदलून भिंतीकडे वळले. हो म्हणणं किती सोपं होतं! हो म्हटलं की पोरगी सुखावते, आपलं बोट आपल्यापाशी राहतं, कुणाला काही कळत नाही. पुढे लुअर बदनाम झाला तर लोक म्हणतील, बापाने लेकीसाठी डोळेझाक केली. म्हणोत. बाप करतातच. आंधळ्या बोटाचा वैद्य म्हणण्यापेक्षा ते बरं. आणि हे सगळं आपण लेकीच्या मायेपोटी करतोय, असं त्यांनी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की शेवटी त्यांना ते पटलं.

दुकानदार आला तो हसतच. ऐसपैस माणूस, स्वतःच्या विनोदाला स्वतःच दाद देणारा. त्याच्या दुकानात ‘वैद्यांची पसंती’ अशी पाटी लावलेला एक स्वतंत्र कप्पा होता आणि तो कप्पा सगळ्यांत आधी रिकामा व्हायचा.

"काय वैद्यबुवा, पेशंट कसा आहे? की घरचाच म्हणून औषध फुकट?" तो स्वतःच खो खो हसला. वैद्यही हसले, जरा जास्तच मोठ्याने.

लेकीने पंप सुरू केला. टाकीतलं पाणी सळसळत वाहायला लागलं. तिने लुअरला दोरी बांधली आणि काठी वडिलांच्या हातात दिली. आई दारात पदराला हात पुसत उभी राहिली. वैद्यांनी लुअर ओंजळीत घेतला, शेवटची गाठ ओढून बघितली, गळ चाचपले. हे ते नेहमीच करत. मग लुअर पाण्यात सोडला, बोट दोरीवर ठेवलं आणि डोळे मिटले.

खोलीत फक्त पंपाचा आवाज. वैद्यांच्या मिटल्या डोळ्यांपुढे अंधार होता आणि बोटावर अंधार होता. ते उसनं अवसान आणून उभे होते. किती वेळ उभं राहिलं म्हणजे खरं वाटेल, याचा हिशेब करत होते. इतक्या वर्षांत आपण तपासताना कसे दिसतो हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि आता आपलीच नक्कल करायची वेळ आली होती. त्यांनी मान थोडी वाकडी केली. एकदा हुंकार दिला.

"हं," ते म्हणाले. "आला. जीव आला आता."

"खरंच?" लेक म्हणाली.

"अगदी. संथ आहे, एकसारखी आहे. छान."

संथ! सकाळी ज्याने दात वाजवले, त्याला ते संथ म्हणत होते. पण लेकीने ते कुठे तपासलं होतं? तिने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले आणि तिच्या घशातून हसण्याचा की रडण्याचा एक आवाज आला. आईने दारातूनच देवाला नाही तर दुकानदारालाच हात जोडले. दुकानदाराने टाळी वाजवली.

"झालं तर मग! उद्यापासून कप्प्यात. वैद्यबुवा, लेकीने नाव काढलं हो!"

वैद्यांनी डोळे उघडले. लेकीचा चेहरा इतका उजळला होता की त्यांना वाटलं, बरोबर केलं आपण, हेच बरोबर होतं. त्यांनी लुअर पाण्यातून उचलून हातात घेतला आणि दुकानदाराशी बोलायला वळले. जीभ मोठी का ठेवली, वळणावर लुअर कसा वागेल, भरतीच्या पाण्यात कसा, ओहोटीत कसा, ते रंगात येऊन सांगत राहिले. दुकानदार मान डोलवत होता. मग त्याची मान थांबली.

"बाबा," लेक म्हणाली.

"अगं थांब, यांना सांगू दे मला. ओहोटीच्या वेळी..."

"बाबा, बोट."

"काय बोट?"

त्यांनी खाली बघितलं. गळाचं एक तोंड त्यांच्या पहिल्या बोटात शिरलं होतं, आकडा दिसेनासा होईपर्यंत. लुअर त्या बोटाला लोंबकळत होता. रक्त मनगटापर्यंत आलं होतं, बाहीत गेलं होतं, आणि टाकीच्या काठावरून ठिबकून वाहत्या पाण्यात लाल धागा सुटला होता. ते हातवारे करत बोलत होते, म्हणजे प्रत्येक हातवाऱ्यासरशी तो आत आत गेला असणार.

"अगंबाई!" आई ओरडली.

वैद्यांनी ओरडायला हवं होतं. त्यांना ते सुचलं, पण उशिरा. उशिराचं ‘आई गं’ इतकं खोटं निघालं की ते त्यांनीच अर्ध्यात सोडलं.

लेकीने पंप बंद केला. तिने त्यांना स्टुलावर बसवलं, दिवा जवळ ओढला आणि पक्कड घेतली. गळ आला तसा मागे ओढता येत नाही, त्याच्या टोकाला उलटा काटा असतो. टोक पुढे रेटून कातडीबाहेर काढावं लागतं, काटा तोडावा लागतो, मग उरलेला मागे घ्यायचा. भल्याभल्यांच्या तोंडून तेव्हा शिव्या बाहेर पडतात. लेक हळूहळू टोक रेटत होती आणि बोटाकडे बघत नव्हती, वडिलांच्या तोंडाकडे बघत होती. टोक कातडी फाडून बाहेर आलं. वैद्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"दुखत नाही?" तिने विचारलं.

"नाही."

"जरासुद्धा?"

"नाही, पोरी."

तिने काटा तोडला. कट्‌ असा आवाज झाला. गळ मागे काढून तिने टेबलावर ठेवला, जखम धुतली, पट्टी बांधली. सगळं नीट, दाताचं काम करावं तसं. गाठ मारून झाल्यावर मात्र तिने बोट सोडलं नाही.

"कधीपासून?"

दुकानदार आपल्या चपला शोधायला लागला. "वय झालं की होतं हो असं, माझ्या सासऱ्यांना पण..." तो पुटपुटला, आणि मग त्याला आपला कप्पा आठवला असावा, कारण वाक्य तसंच सोडून त्याने वैद्यांकडे एकदा टक लावून बघितलं. "येतो मी," तो म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

"कधीपासून, बाबा?" लेकीने पुन्हा विचारलं.

"मला आज कळलं. सकाळी. आईशपथ, आज सकाळीच कळलं." वैद्यांचा आवाज फाटला. "पण पहिल्याच्या वेळी पण असेल. दुसऱ्याच्या तर असणारच."

"म्हणजे सकाळी कळलं होतं. आणि आत्ता म्हणालात जीव आला."

वैद्यांनी मान खाली घातली.

"हा तिसरा कसा आहे? खरं सांगा."

"वाईट आहे. जोरात ओढला की उलटा होतो. ओठाला लावून बघितला मी."

"मला दिसलं होतं ते," ती म्हणाली. "काल टाकीत. पंप वाढवला की आडवा पडत होता. मला वाटलं, दिसतंय तसं, पण बाबांच्या बोटाला कळेल खरं."

"आणि पहिला?" वैद्यांनी विचारलं. विचारू नये असं वाटत असतानाच त्यांनी विचारलं.

लेकीने टेबलाखालचा खण ओढला. भुशात आणि रेझिनच्या चुऱ्यात दोन अर्धुकं पडली होती. उभी चिरलेली, आतला शिशाचा गोळा उघडा. तिने ती दोन्ही जोडून दिव्याखाली धरली. छोटी, नेमकी जीभ. पिवळीच्या पोटासारखं पोट. वैद्यांना हात लावायचा धीर झाला नाही, आणि लावून उपयोगही नव्हता.

"तो चांगला होता, बाबा," ती म्हणाली. "मी बघितला होता ना."

आईने दुकानदारामागे दार लावून घेतलं आणि ती आत निघून गेली.  मग लेकीने अर्धुकं खाली ठेवली, बोळ्याने टाकीच्या काठावरचं रक्त पुसलं आणि पंप पुन्हा लावला. पिवळी खिशातून मागून घेतली, दोरीला बांधली, पाण्यात सोडली. पहिल्याचं माप तिला पुन्हा पिवळीवरूनच घ्यायचं होतं. काठी धरून, दोरी बोटावर घेऊन ती टाकीसमोर उभी राहिली, आणि तिचे डोळे आपसूक मिटले. लहानपणीची सवय, त्यांनीच लावलेली.

"डोळे उघड," वैद्य म्हणाले. "पोरी, डोळे उघडून बघ."

तिने उघडले. ते इतके भरले होते की त्यांतून पाण्यातलं काही दिसणं शक्य नव्हतं.